कंदिलाची काच

‘कंदील’ हा शब्द आपल्याला परका वाटत नाही. पण लॅटिनमधील ‘कांदेला’ ग्रीकमार्गे अरबीत जाऊन ‘किंदील’ झाला आणि तेथून आपल्याकडे आला. समई, लामणदिवा घरात शोभत. वाऱ्यापुढे त्यांचे काही चालत नसे. ज्योत झाकायची, परंतु उजेड अडवायचा नाही, हा मूळ पेच. युरोपात त्यासाठी शिंगाचे पातळ पापुद्रे वापरीत, चीनमध्ये कागद व रेशीम.

१८५३ मध्ये ल्विव येथील औषधशाळेत काम करणाऱ्या इग्नात्सी लुकासिएविच यांनी रॉकेलचा दिवा सिद्ध केला. त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री तेथील रुग्णालयात त्याच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली. पुढे अमेरिकेत दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरविणारा कंदील निघाला आणि वाऱ्याचे भय सरले.

स्वदेशीची कसोटी सुतापेक्षा काचेत अधिक लागली, असे माझे मत आहे. पत्रा वाकविणारे कारागीर गावोगावी होते. ज्योतीच्या आचेने न तडकणारी काच करणारे विरळा. लोकांच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने कऱ्हाडजवळ दुसरा उभारला. पुढे तेथील कंदिलाला त्यांनी वडिलांचे नाव दिले, ‘प्रभाकर’. सूर्याचेही तेच!

आमच्या घरी तिन्हीसांजेपूर्वी ती काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे. मोठ्यांचा हात आत जात नसे.