११.०५९२ : एका विचित्र आकड्याची कुळकथा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. २००४ साली, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, तिथल्या एका कारखान्यातला बिघडलेला वजनकाटा पाहायला आम्ही गेलो होतो. भंगार लोखंडाचे वजन काट्यावर बरोबर दिसे; पण तारेतून कार्यालयातल्या संगणकावर पोचताना अंकांची भलतीच चिन्हे होत. बिलासाठी गाड्या खोळंबलेल्या! काट्याचे कार्ड उघडले. मायक्रोकंट्रोलर ८०५१ कुळातला, शेजारी क्रिस्टलची चकचकीत डबी आणि तिच्यावर आकडा १२. मूळचा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बाजारात मिळाला नाही, म्हणून कोणीतरी '१२ चालेल' म्हणत हा बसवला होता.

एवढ्याशा फरकाने काय बिघडले? त्यासाठी थोडे मागे जाऊ या.

मायक्रोकंट्रोलरचे प्रत्येक काम ठोक्यावर चालते. रोध आणि धारित्र यांच्या जोडीनेही ठोके मिळतात, स्वस्तही पडतात. पण तापमान बदलले की त्यांचा वेग ढळतो. क्वार्ट्झचे तसे नाही. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्यूरी या भावांना आढळले, की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. उलट, विद्युतदाब दिला की स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. या गुणाच्या आधारे वॉल्टर केडी यांनी १९२१ मध्ये क्वार्ट्झचा आंदोलक केला आणि १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅरिसन व हॉर्टन यांनी क्वार्ट्झचे घड्याळ चालवले.

कथेचा दुसरा धागा तारायंत्राचा. संदेशाच्या वेगाचे एकक 'बॉड' हे फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून आले. ७५ ची दुप्पट करत जा: १५०, ३००, ६००... सातव्या पायरीला ९६०० येतात. आमच्या काट्याचा वेग हाच होता.

१९८० मध्ये इंटेलने आणलेल्या ८०५१ मध्ये क्रिस्टलच्या ठोक्यांना नेहमीच्या मांडणीत आधी ३८४ ने आणि मग एका पूर्णांकाने भागून हा वेग मिळवतात. १,१०,५९,२०० ला ३८४ ने भागले की २८,८००. त्याला ३ ने भागले की नेमके ९६००! आता १,२०,००,००० घ्या. ३८४ ने भागून ३१,२५०. ३ ने भागून सुमारे १०,४१७. चूक साडेआठ टक्के. एका अक्षराचे दहा ठोके असतात. घेणारा पहिल्या ठोक्यावर आपले घड्याळ जुळवतो आणि पुढचे ठोके अंदाजाने मोजतो. प्रत्येक ठोक्याला चूक साठत जाते. दहाव्यापर्यंत ती अर्ध्या ठोक्याच्या पुढे जाते आणि अक्षर बिघडते. योग्य क्रिस्टल बसवताच काटा शहाण्यासारखा बोलू लागला.

म्हणजे घड्याळ निवडताना पहिला प्रश्न 'किती चूक चालेल?' हा. साच्याची वाळू दीड मिनिट कालवायची असेल, तर एक टक्का चूक म्हणजे जेमतेम एक सेकंद. तिथे मायक्रोकंट्रोलरच्या आतला आंदोलकही पुरतो. तीच चूक भिंतीवरच्या घड्याळात दिवसाला १४ मिनिटांची होईल! तिथे ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लागतो. दशलक्षात वीस भागांची चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदच.

पण ३२,७६८ च का? विद्यार्थ्यांना हा आकडा दोनाने भागत जायला सांगा. पंधराव्या भागाकाराला काय उरते, ते त्यांनाच शोधू द्या.