नाणेघाट ते विमान : लेकरं घेऊन केलेला प्रवास

सुट्टीत लेकरांना घेऊन विमानानं फिरायला जायचं, ही गोष्ट आता आपल्या गावागावांत बोलली जाऊ लागली आहे. विषय निघाला की घरातून एक वाक्य हमखास येतं, "लेकरू लहान आहे, बाईनं एवढ्या लांब कशाला जायचं?" हे वाक्य इतिहासात कितपत टिकतं, ते आज आपण पाहू.

सुरुवात जुन्नरपासूनच करू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. अभ्यासक तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई-घोड्यांची यादी आहे, राजकुमार वेदिश्रीचं नावही आहे. मागच्या भिंतीवर राजा, राणी, राजकुमार अशा मूर्ती होत्या. आज पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. म्हणजे भर रहदारीच्या वाटेवर एक अख्खं कुटुंब उभं होतं, आणि त्यात आईचं नाव होतं. पण ती राणी होती. कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन जी बाई तो घाट चढली असेल, तिचं नाव कुणी कोरलं नाही.

पुढे या शिवनेरीकडे. शहाजीराजांच्या मागे लढायांची धामधूम होती. गरोदर जिजाबाईंना त्यात फिरवणं धोक्याचं, म्हणून त्यांना गडावर ठेवलं. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवबांचा जन्म झाला. तिथं थांबणं शहाणपणाचं होतं. पण जिजाबाई कायमच्या थांबल्या नाहीत. पुढे शिवबांना घेऊन त्या पुण्यात आल्या आणि तिथला कारभार पाहिला.

आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीनं माहेरी जायच्या, भीमाशंकरच्या जत्रेला जायच्या. मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. लेकरांना अर्धं तिकीट मिळू लागलं. आणि १७ मार्च २०२३ पासून बाईलाही अर्धं तिकीट झालं.

पण सगळ्यांचाच प्रवास सुट्टीचा नसतो, हेही विसरायला नको. पश्चिमेच्या डोंगरातून आदिवासी बाया आजही लेकरं घेऊन कामासाठी नारायणगावला उतरतात. त्यांना कुणी म्हणत नाही की लेकरू लहान आहे, घरी थांब. कामाला जाताना चालतं, मग फिरायला जाताना का अडतं?

आता विमान. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला विमान आणलं, तेव्हा त्यात टपाल होतं. आज त्याच आकाशातून तान्ही बाळंही जातात. दोन वर्षांच्या आतलं बाळ आईबापाच्या मांडीवर बसून जाऊ शकतं, मात्र त्याच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. विमान चढता-उतरताना हवेचा दाब बदलतो, कानाला दडे बसतात, म्हणून बाळ रडतं. त्या वेळी त्याला अंगावर पाजावं. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावं. गिळलं की कान मोकळे होतात. बाळाला सर्दी किंवा कानदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बैलगाडी असो की विमान, एक गोष्ट फारशी बदललेली नाही. पिशवी भरायची आईनं, खाऊ बांधायचा आईनं, रडणारं मूल सांभाळायचं आईनं. सगळे सुट्टीवर आणि आई कामावर, असं का? मांडी बापालाही असते. जाताना बाळ त्यानं घेतलं, तर येताना आईनं घ्यावं. खिडकीतून ढग बघायचा हक्क दोघांचाही आहे.

पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. तुमची आजी लेकरं घेऊन कुठवर गेली होती, कशानं गेली होती, हे एकेकीनं सांगा आणि वहीत लिहून ठेवा. नागनिकेचं नाव दगडावर राहिलं. आपल्या आज्यांची नावं निदान वहीत तरी राहू द्या.