रणभूमीचं उद्यान झालं, त्याची गोष्ट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात चिकामॉगा नावाचं रान आहे. तिथे आज लोक धावतात, सायकली चालवतात, घोड्यावरून रपेट करतात. रस्त्याकडेला तोफा आणि मजकुराच्या पाट्या. रणांगण सरकारी खर्चाने राखायचं, ही चाल अमेरिकेत इथूनच पडली. पाडणाऱ्यांच्या मनात मात्र सहलबिहल काही नव्हतं.

१८६३च्या सप्टेंबरात इथे यादवी युद्धातली मोठी लढाई झाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्हीकडच्या सुमारे ३४ हजार सैनिकांची हानी झाली. पंचवीस वर्षांनी, १८८८मध्ये, उत्तरेकडून लढलेला हेन्री बॉइंटन आपल्या जुन्या वरिष्ठाला घेऊन रणांगण बघायला आला. एव्हाना तो पत्रकार झाला होता. परतल्यावर त्याने सिनसिनाटीच्या वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर तोवर बहुतेक खुणा एकाच बाजूच्या, विजेत्यांच्या होत्या. इथे दोन्ही फौजांचे मोर्चे दाखवा, असा त्याचा आग्रह. उदार विचार खराच, पण चिकामॉगाला मार खाल्ला होता तो बॉइंटनच्याच पक्षाने, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पुढच्या वर्षी दोन्हीकडचे म्हातारे सैनिक इथे मेजवानीला जमले आणि १९ ऑगस्ट १८९०ला उद्यानाचा कायदा झाला. त्यातली एक तरतूद फार शहाणपणाची: शेतकऱ्यांना हाकलायचं नाही, जमीन त्यांनाच खंडाने द्यायची, बदल्यात त्यांनी शेत, रान, रस्ते, घरं आहेत तशी सांभाळायची. एवढी काळजी का, तर लष्करी अधिकाऱ्यांना जागेवर उभं राहून लढाई शिकता यावी. १८९६च्या कायद्याने तर अशी सगळी उद्यानं लष्कराच्या कवायतीसाठी खुली झाली. १८९८मध्ये स्पेनशी युद्ध जुंपलं आणि या रानात हजारो रंगरुटांचा तळ पडला. घाण पाणी आणि माश्यांनी विषमज्वर पसरला. शत्रू दिसण्याआधीच शेकडो पोरं गेली.

१९३३मध्ये हे उद्यान युद्धखात्याकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आलं. फिरस्त्यांचे दिवस आले ते त्यानंतर. याच उद्यानातल्या लुकआउट डोंगरावर सनसेट रॉक नावाचा कडा आहे. लाँगस्ट्रीट या दक्षिणेच्या सेनापतीने तिथून खालच्या दरीतल्या शत्रूच्या हालचाली टेहळल्या होत्या. आता तो कडा प्रस्तरारोहकांचा आवडता आहे.