सैन्याच्या मोडीतील रायफल आणि खानदेशातील शिकार

शिकारी शस्त्रांचा इतिहास बहुधा शिकाऱ्यांच्या पराक्रमाच्या अंगाने लिहिला जातो. शस्त्र कोणते असावे हे कोणी ठरविले व का, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत टिपणात जड बोअरच्या रायफलीच्या एकाच अंगाचा, म्हणजे तिच्या ‘अॅक्शन’च्या निवडीचा, खानदेशच्या संदर्भात विचार करावयाचा आहे. नळीच्या मागे बसविलेला, काडतूस आत सारणारा, ते उडताना घट्ट कोंडून धरणारा व रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा जो यंत्रभाग, तो अॅक्शन होय. सैन्याने मोडीत काढलेल्या रायफलीतील हा भाग घेऊन कारागीर त्यावर नवी नळी व नवा दस्ता चढवीत, आणि युद्धाचे शस्त्र शिकारीचे होई.

खानदेशात सैन्य आणि शिकार यांचा संबंध आरंभापासूनच निकटचा होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख कंपनीच्या अमलाखाली आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली व धरणगाव हे तिचे ठाणे झाले. सातपुड्यातील भिल्लांचा विश्वास त्याने पुष्कळ अंशी वाघांच्या शिकारीतूनच संपादन केला. हिंस्र पशू मारणारास सरकार बक्षीस देई. म्हणजे प्रजेच्या हाती शस्त्र असणे सरकारास सोयीचे होते. परंतु ते भयाचेही होते. सेंधवा घाटाच्या रखवालीस पूर्वी सरकारी नोकरीत असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उठावास उभा राहिला, हे त्या भयाचे उदाहरण सांगता येईल. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवाना आवश्यक केला व त्याखालील नियमांनी युरोपियनांस त्यातून सूट दिली. ज्याच्या गोठ्यावर वाघ पडे त्या शेतकऱ्यास परवाना मागावा लागे; शिकारीस आलेल्या साहेबास तो लागत नसे.

हीच द्विधा वृत्ती पुढे रायफलीच्या बोअरपर्यंत पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा धूररहित दारूने घेतली आणि .४५० बोअरची दुनळी रायफल जड शिकारीसाठी लोकप्रिय झाली. १९०७ साली हिंदुस्थानात तिच्या आयातीस बंदी झाली. त्या बोअरची गोळी बंडखोरांच्या हाती पडून जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरली जाईल, ही भीती त्यामागे होती. इंग्लंडमधील कारागिरांनी लगोलग .४७० व .४६५ अशा नव्या मापांची काडतुसे काढली. सातपुड्यातील वाघाचे कातडे तेच, गव्याचे हाड तेच. बदलला तो नळीवरील आकडा.

दुनळी रायफल अतिशय महाग असल्यामुळे अनेकांनी बोल्टच्या रायफलीचा आश्रय घेतला. येथे अॅक्शनची निवड निर्णायक ठरते. १८९८ च्या जर्मन माउझरचा पकड-आकडा काडतूस आत सरकतानाच त्याची कड धरतो. त्यामुळे अंगावर येणाऱ्या जनावरासमोर घाईत बोल्ट ओढला तरी काडतूस अडकण्याचा संभव कमी. मात्र त्याच्या बोल्टचे मुख सैनिकी काडतुसाच्या मापाचे असे. १९०९ च्या .४२५ वेस्टली रिचर्ड्स काडतुसाची कड त्याच्या देहापेक्षा लहान ठेवली गेली, ती सामान्य माउझर बोल्टमध्ये बसावी म्हणूनच. १९११ च्या .४१६ रिग्बीस मात्र खास लांब अॅक्शन लागली.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक पर्याय दिला. ब्रिटिश सैन्यासाठी अमेरिकेतील कारखान्यांनी ‘पॅटर्न १९१४’ एनफील्ड रायफली बारा लाखांहून अधिक संख्येने तयार केल्या. त्यांची मूळ रचना अधिक जोरकस .२७६ काडतुसासाठी झाली असल्याने त्यांची अॅक्शन लांब, रुंद व बळकट होती. शिवाय .३०३ च्या कडेसाठी केलेले तिच्या बोल्टचे मुख .३७५ मॅग्नमच्या कडेशी जवळजवळ जुळत असे. त्यामुळे ती मोडीत निघाल्यावर कारागिरांनी जड बोअरसाठी तिला पसंती दिली. ली-एनफील्डच्या बोल्टची कुलुपे मागील बाजूस असल्याने जोरकस काडतुसास ती तितकी योग्य नव्हती.

तथापि यंत्रदृष्ट्या उत्तम असलेली अॅक्शन कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांनी .३०३ व ७.६२ मिलिमीटर बोअरच्या, तसेच त्यांचे सैनिकी काडतूस ज्यांत बसून उडू शकेल अशा रायफली प्रतिबंधित ठरविल्या. कसोटी १९०७ चीच होती: सैन्याचा दारूगोळा नागरिकाच्या नळीत जातो काय? म्हणूनच इशापूर येथील सरकारी कारखान्याची नागरी रायफल ली-एनफील्डच्या धर्तीची असूनही .३१५ बोअरची झाली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या सैन्याचे. परकी राजवट गेली, परंतु तिची कसोटी स्वतंत्र राज्याने जवळजवळ तशीच स्वीकारली. २०१६ च्या नव्या नियमांनंतरही प्रतिबंधित बोअरची कल्पना टिकून राहिली.

यावल अभयारण्य १९६९ मध्ये स्थापन झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय संपविला. जळगाव-धुळ्याच्या इतिहासकारास त्यातून घेण्याजोगा बोध असा की, रायफलीची निवड जनावर पाहून होत असे असे आपण समजतो. वस्तुतः तिची मर्यादा राज्यसत्तेच्या भयाने आधीच आखलेली होती. त्या मर्यादेच्या आत लांब अॅक्शन की आखूड हे निवडण्याची चैन मोजक्यांस होती. हाकारे घालणाऱ्या भिल्लास ती कधीच लाभली नाही. शिकारीच्या आठवणी वाचताना बंदूक धरणाऱ्या हाताइतकेच हे रिते हातही लक्षात ठेवले पाहिजेत.