कॅमेऱ्याच्या तीन रांगा : नवशिका, हौशी आणि व्यावसायिक

"कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. ज्या वस्तूला चार्जर लागतो, तिच्याबद्दल मला विचारायचं, असा आमच्या भिवंडीत समज आहे. दुकानात किंवा ऑनलाइन बघा, कॅमेरे तीन रांगांत मांडलेले असतात: नवशिक्यांसाठी, हौशींसाठी, व्यावसायिकांसाठी. आज तुलना करूच, पण इतिहासाच्या वाटेने. कारण या रांगा कोणी आणि का आखल्या हे कळलं, की आपले पैसे कुठे घालायचे तेही कळतं.

आधी आला हौशी

गोष्ट सुरू होते मुंबईत, १८५४ साली. त्या वर्षी बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला धावू लागली त्याच्या पुढच्याच वर्षी. सोसायटीत इंग्रज अधिकारी होते, तसेच आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजीही होते. दोघे पेशाने डॉक्टर, फोटोग्राफी हा त्यांचा नाद. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

तेव्हा पेटी सगळ्यांची साधारण सारखीच. फरक होता तो हातातल्या रसायनांच्या सवयीत. काचेवर कोलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. काच वाळली की खेळ खलास. म्हणजे नवशिक्यासाठी वेगळा कॅमेरा नव्हताच. नवशिक्याला फोटोग्राफीत जागाच नव्हती म्हणा ना.

नवशिका जन्माला घातला कंपनीने

१८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा आणला. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत देणार. किंमत २५ डॉलर. १९०० मध्ये त्याच कंपनीने ब्राउनी काढला, एका डॉलरला. ही खरी नवशिक्यांची पहिली रांग. तिचं तत्त्व आजतागायत तेच आहे: निर्णय काढून घ्या, बटण ठेवा.

आपल्याकडे त्याच काळात उलट दिशेचे वेडे लोक दिसतात. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, १८९६ ची ल्युमिएर बंधूंची चित्रं पाहिली, परदेशातून चलत्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी तर १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडवला. त्याच्या जोरावर १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. हौशी माणूस बटणावर थांबत नाही, त्याला आतलं यंत्र उघडून बघायचं असतं.

सिनेमाच्याच फिल्मवरून पुढची मोठी गोष्ट घडली. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्यात सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालायची आणि एका फोटोचं माप होतं ३६ बाय २४ मिलिमीटर. आज लाखभराच्या कॅमेऱ्यावर 'फुल फ्रेम' लिहितात ना, ते हेच माप. शंभर वर्षांपूर्वी सोयीसाठी ठरलेला आकार आज आपल्याला दर्जा म्हणून विकला जातो.

बारा फोटो, दोन दुनिया

मागच्या पिढीला विचारा, अनेक घरांत आगफा क्लिक थ्री निघेल. बडोद्याला बनायचा. ऊन की ढग, एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. सहलीला निघालेलं कुटुंब ते बारा फोटो जपून जपून वापरायचं.

मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला याही रोलीफ्लेक्सवर तसल्याच फिल्मवर बाराच फोटो काढायच्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख झाली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. फिल्म तीच, आकडा तोच. मग फरक कुठे? क्लिक थ्रीवाल्याचा फोटो हुकला तर घरचे हसणार. होमाईंचा हुकला तर तो क्षण देशाच्या हाती लागणार नाही.

माझ्या मते तीन रांगांमधली खरी रेघ ही आहे: चूक झाली तर ती किती महाग पडते? नवशिक्याची चूक स्वस्त असली पाहिजे. हौशी चूक करून शिकतो, म्हणून त्याच्या हातात नियंत्रण हवं. व्यावसायिकाला चूक परवडतच नाही.

डिजिटल आलं, रेघा पुन्हा आखल्या

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो १०० बाय १०० ठिपक्यांचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या कॅमेऱ्यावर बेतलेला डीसीएस विकायला काढला. १.३ मेगापिक्सेल, आणि फोटो साठवायची पेटी वेगळी, खांद्याला लटकवायची. १९९९ मध्ये निकॉन डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा, आणि वृत्तपत्रांचे फोटोग्राफर डिजिटलकडे वळू लागले.

आता माझा आवडता किस्सा. २००३ मध्ये कॅननने ३००डी आणला. हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डीएसएलआर, नवशिक्यांच्या रांगेतला. त्याच्या वरच्या रांगेतल्या १०डी मध्येही तसाच ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. पण ३००डी मध्ये बऱ्याच सोयी दिसायच्याच नाहीत. काही मंडळींनी त्याचं फर्मवेअर बदलून बघितलं, तर त्यातल्या कित्येक सोयी चालू झाल्या! म्हणजे पायरी यंत्रात नव्हती, कोडमध्ये होती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल नाही, एकच माल तीन दरांत विकण्याची ही जुनी रीत. पण गिऱ्हाईक म्हणून लक्षात ठेवा.

सगळ्याच रेघा मात्र अशा खोट्या नसतात. २०१८ मध्ये निकॉनने झेड६ आणि झेड७ हे आरशाविना चालणारे कॅमेरे काढले. फोटो उत्तम, पण मेमरी कार्डाला जागा एकच. लग्नाचे फोटोग्राफर नाराज झाले. २०२० च्या सुधारित आवृत्तीत दोन कार्डांची सोय आली. का? कारण कार्ड खराब झालं तर लग्न परत लागत नाही.

भिवंडीचा हिशेब

हे आपल्या गावात आणून बघू. आगरी घरातली हळद डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, मांडवात रंगीत एलईडी, वर डीजे, नाचणारी माणसं, उधळलेली हळद. इथे मोठा सेन्सर कामाला येतो, कारण फुल फ्रेमचं क्षेत्रफळ नवशिक्यांच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या साधारण अडीच पट असतं, तितका प्रकाश जास्त गोळा होतो. धुळीपासून बचाव करणारी बांधणी, दोन कार्डं, दोन बॅटऱ्या, जमलं तर दुसरा कॅमेरा. या माणसाने महागाचं घेतलं तर ती चैन नाही, तो विमा आहे.

दुसरा माणूस, पॉवरलूमच्या शेडमध्ये फोटो काढणारा हौशी. अंधूक उजेड, धोटा इकडून तिकडे पळतोय. तो गोठवायचा की त्याची रेघ उमटू द्यायची, हे शटरचा वेग ठरवतो. म्हणून त्याला अंगठ्याखाली आणि बोटाखाली अशी दोन चक्रं असलेला कॅमेरा हवा. दिव्यांमुळे फोटोत पट्टे उमटले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि एक विनंती: शेडमध्ये लेन्स बदलू नका. हवेतले कापसाचे बारीक तंतू थेट सेन्सरवर जाऊन बसतात.

आणि नवशिका? त्याची रांग मोबाइलने गिळली. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, २०२१ मध्ये एक कोटीसुद्धा नाहीत. आधी मोबाइलवर शिका. मोबाइल कमी पडतोय हे नेमकं कुठे, ते सांगता आलं, की मगच कॅमेरा घ्या. घ्याल तेव्हा जुना चालेल. सोबतच्या झूम लेन्सवर उरलेले सगळे पैसे संपवू नका, ५० मिलिमीटर एफ/१.८ ची स्वस्त लेन्स बघा. झूम लेन्स एफ/५.६ वर जेवढा प्रकाश आत घेते, त्याच्या जवळपास नऊ-दहा पट ही घेते. एवढा फरक कॅमेरा बदलूनही पडत नाही.

आज ऑनलाइन मागवलेल्या कॅमेऱ्यांची कितीतरी खोकी आपल्याच भिवंडीच्या गोदामांतून बाहेर पडतात. खोक्यावर कुठलीही रांग छापलेली असो, खरेदीआधी स्वतःला एकच विचारा: माझा फोटो हुकला तर काय बिघडेल? काहीच नाही, असं उत्तर आलं तर स्वस्तातला घ्या आणि बिनधास्त हुकवा. भाऊ दाजींच्या काळात ही मुभा कोणालाच नव्हती.

तुमच्या घरी क्लिक थ्री असेल तर फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूच.