दिमोनातला मलिदा

जेरुसलेम, १९६४चा उन्हाळा. भर दुपारी रस्त्याच्या कडेला कुटुंबंच्या कुटुंबं ठाण मांडून बसली आहेत. तुम्ही जवळून जाता आणि कानावर शब्द पडतात, "अरे, उन्हात नको फिरूस, हितं बस जरा." लांब बाह्यांचं पोलकं घातलेली एक आजी नातवाला दटावते आहे.

हे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर. कोकणातून मुंबईला आणि १९४८ नंतर मुंबईहून इथं आलेले. आता इथले धर्मगुरू म्हणतात, तुमच्या मुलामुलींची लग्नं इतर ज्यूंशी लावायची तर आधी आई, आजी, पणजीचं कूळ तपासू. म्हणून हा सत्याग्रह.

तुम्ही शेजारी बसता. एक म्हातारबाबा विचारतात, "गाव कुठलं तुमचं?" महाराष्ट्रातलं कुठलंही नाव सांगा, त्यांचा चेहरा खुलतो. "माझा आजा अलिबागेकडं तेल गाळायचा. शनवारी घाणा बंद. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तिथं कुणी विचारलं नाही, तुम्ही ज्यू कशावरून? हे इथं येऊन ऐकायचं होतं!" हा अपमान त्यांना उन्हापेक्षा जास्त पोळतो आहे. पोळणारच. ज्यांनी शेकडो वर्षं एकट्यानं शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळला, त्यांच्याकडेच पुरावा मागायचा, हा सरळसरळ अन्याय होता.

ऑगस्टमध्ये इस्रायलची संसद ठराव करते की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. पुढं धर्मगुरूंनाही नमतं घ्यावं लागतं.

आता तुम्ही दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात आहात. गाव वसून दहा वर्षंही झालेली नाहीत. सारख्या ठोकळ्यांच्या चाळीतल्या एका घरात अडलेलं लग्न अखेर जमलंय, म्हणून आज मलिद्याचा विधी आहे. काकी तुम्हाला थेट स्वयंपाकघरात बसवतात.

पोहे मुंबईच्या बहिणीनं ट्रंकेतून धाडलेले. काकी ते चाळतात, एका पाण्यातून काढून निथळत ठेवतात. दाणा फुलला की बोटांच्या टोकांनी हळूहळू मोकळा करतात. मूठ आवळली की लगदा होतो, असं लेकीला बजावतात. मग साखर, खोबरं, खलबत्त्यात कुटलेले वेलदोडे, बदाम, मनुका. ओला नारळ इथं कुठला, सुकंच खोबरं कोमट पाण्यात भिजवलंय. "नवगावला असतो तर दारचा नारळ फोडला असता," त्या म्हणतात आणि पुन्हा वेलदोडे कुटायला लागतात. चुलीवर मटणाचा रस्सा आहे, नारळाच्या दुधातला. मांसात जनावराचं दूध चालत नाही, हा त्यांचा धर्मनियम. कोकणच्या नारळानं तो किती सहज सांभाळला!

ताटात मलिद्याचा ढीग, भोवती फळं. पुरुष डोकी झाकून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, हिब्रू गाणं धरतात. दारात शेजारची मोरोक्कोची बाई येते. या लोकांशी ती आजवर जपूनच बोलत आलेली. पण हे गाणं तिला लहानपणापासून पाठ आहे. चाल निराळी, तरी दुसऱ्या ओळीला ती सूर मिळवते. काकी तिच्या ओंजळीत मलिदा घालतात आणि मोडक्या हिब्रूत सांगतात, आमच्या गावाकडं एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, खडकावर. बाई थक्क होते. तिच्या गावी तो नुसता गाण्यात येत असे.

या घरात दोन्ही मुलूख एका ताटात नांदतात. मला त्यात कुठलीच ओढाताण दिसत नाही. आपलेपण सिद्ध करायला एक मुलूख सोडावाच लागतो, हे मानणाऱ्यांनी अशा पंगतीला बसायला हवं होतं.

तो खडक आजही आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्यात; घाटातल्या नव्हे. भारतातले बेने इस्रायल आता जेमतेम काही हजार उरलेत, तरी नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथं येतात, परदेशातूनही येतात. अलिबागला समुद्र पाहायला जाल तेव्हा तासभर वाट वाकडी करा. कुणाचा मलिदा चालू असेल तर थांबा आणि दोन्ही हात पुढं करून प्रसाद घ्या.