नाश्ता आणि नवकारसी

सासूबाईंना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, नाश्ता किती वाजता करता?"

"ते सूर्याला विचारा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. त्यापुढे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, नवकारसीची. नवकार म्हणून पारायची, म्हणून नवकारसी. आदल्या संध्याकाळी सव्वासहाला चोविहार घेतलेला. म्हणजे जवळजवळ चौदा तास पाण्याचा थेंबही नाही. आठवड्यापूर्वी पहाटे सामायिकाला बसताना त्यांना चक्कर आली होती, तेही मीच डॉक्टरांना सांगितलं. त्या सांगणार नव्हत्या.

घरी आल्यावर 'नाश्ता' या शब्दाचं मूळ शोधलं. शब्द फारसी, आणि मूळ अर्थ काय असावा? सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी! निहारीतल्या 'निहार'चाही अर्थ तोच. आधी रिकाम्या पोटाचं नाव, मग तेच पहिल्या घासाचं झालं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी रोज नाश्ताच करते की."

आपले शब्द मात्र सावलीवरून आलेत. पोरिसी म्हणजे पौरुषी, पुरुषाच्या सावलीवरून मोजलेला प्रहर. उत्तराध्ययन सूत्राच्या २६व्या अध्ययनात त्याचं माप आहे: आषाढात दोन पावलं, पौषात चार, चैत्र-आश्विनात तीन. साधूंचा दिवसही तिथे पोरिसींनीच वाटलाय. पहिलीत स्वाध्याय, दुसरीत ध्यान, तिसरीत भिक्षा, चौथीत पुन्हा स्वाध्याय. म्हणजे गोचरी दुपारनंतर. सकाळच्या खाण्याला त्यात जागाच नाही. त्यामानाने आपण गृहस्थांनी ४८ मिनिटं थांबायचं, ही सवलतच म्हणायची.

हे सगळं मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, संध्याकाळच्या गोळीचं प्रमाण बदललं आणि सकाळच्या गोळीपुढचं 'सात वाजता' खोडून 'पहिल्या घासाबरोबर' असं लिहिलं. चक्कर आली तर मात्र पच्चक्खाण बाजूला ठेवून लगेच साखर खायची, हे त्यांनी सासूबाईंकडून कबूल करून घेतलं. मान हलवायला त्यांना बराच वेळ लागला.

आता फ्रीजवर सूर्योदयाचा तक्ता लावलाय. जूनमध्ये पावणेसातलाच पारता येईल, हे त्यांनी आधीच बघून ठेवलंय.